आप्पांच्या नावाचं कार्ड

फाल्गुन लागला की माझं डावं कोपर दुखायला लागतं. डॉक्टर म्हणतात, बाई, वय झालं. मग उजवं कोपर काय माझ्यानंतर जन्माला आलं का, असं विचारायचं अगदी ओठावर येतं. पण त्यांची मुलगी माझ्याच वर्गात आहे, म्हणून मी गप्प बसते आणि मलम घेऊन घरी येते. खरं कारण मला ठाऊक आहे. पालथं पडून रायफल धरायची म्हटलं की सगळा भार डाव्या कोपरावर येतो, आणि खाली सतरंजी असली तरी तिच्याखालचे मुरमाचे खडे सतरंजीला काही जुमानत नाहीत. असे पंचवीसेक फाल्गुन या कोपरानं काढलेत. हवा पालटली की त्याला बरोबर कळतं, आणि ते मला आठवण करून देतं.

सध्या शाळेत दहावीच्या परीक्षा चालू आहेत. मी गणिताची बाई, त्यामुळे गणिताचा सोडून बाकी सगळ्या पेपरांना पर्यवेक्षणाला उभी. सकाळी गारवा आणि अकराच्या सुमाराला चटका, असे हे दिवस. खिडकीबाहेरच्या आंब्याचा मोहर गळून कैऱ्या धरायला लागल्यात. पोरं मान खाली घालून लिहीत असतात आणि वर्गात अशी शांतता असते की जुन्या पंख्याची किरकिर मोजत बसावं. पोरांना ती शांतता खायला उठते हे मला कळतं, पण मला ती फार आवडते. ती मला थेट पिरनवाडीच्या पलीकडे नेते, जांभ्या दगडाच्या एका जुन्या खाणीत. तिथं 'तयार' म्हटल्यानंतर आणि पहिली गोळी सुटण्याआधी अशीच शांतता पसरते. परवा व्हरांड्यात कुणीतरी दार आपटलं, तर सगळा वर्ग दचकला, आणि मी मात्र अर्धा श्वास सोडून उरलेला धरून ठेवला. सवय, दुसरं काय.

ती खाण म्हणजे आमची रेंज. बेळगावातल्या नेमबाजांचं एक लहानसं मंडळ आहे. परवाने, कागदपत्रं, लाल निशाण, सगळं रीतसर. एरवी तिथं कॉलेजची मुलं नव्या कोऱ्या रायफली घेऊन सराव करतात. पण शिमगा झाल्यानंतरचा पहिला रविवार जुन्या बंदुकांचा. त्या दिवशी स्पर्धा नाही, बक्षीस नाही, भाषण तर नाहीच नाही. ज्याच्या घरात परवान्याची जुनी बंदूक आहे त्यानं ती पुसूनबिसून आणायची, कागदाच्या कार्डावर पाच गोळ्या झाडायच्या, सगळ्यांनी मिळून जेवायचं आणि ऊन चढायच्या आत घरी जायचं. हे सगळं जमवतात ते आमचे वकीलकाका. कोर्टात त्यांचा आवाज चढतो म्हणे. रेंजवर मात्र एखाद्या बाळंतिणीच्या खोलीत वावरावं तसं हळू बोलतात.

माणसं दहा-बाराच, पण एकेक नमुना. उद्यमबागेत ज्यांची फाउंड्री आहे ते बसाण्णा मोठी शिकारी रायफल घेऊन येतात. तिचा बार झाला की खाणीतली कबुतरं खानापूरपर्यंत जाऊन येत असावीत. नंदगडकडचे रामाण्णा ठासणीची बंदूक आणतात. तिच्यात वरून दारू ओतायची, गजानं ठासायची, टोपी बसवायची आणि देवाचं नाव घेऊन चाप ओढायचा. धूर एवढा होतो की कार्डाला लागलं की नाही ते बघायला रामाण्णांना धूर विरेपर्यंत थांबावं लागतं. तोवर बसाण्णा कन्नडमधून काहीतरी खवचट बोलतात, रामाण्णा मराठीतून त्याची परतफेड करतात, आणि दोघंही खूश असतात.

आणि आमची टू-टू. टू-टू म्हणजे लहान गोळीची रायफल. एका वेळी एकच गोळी भरायची, अक्रोडाचा दस्ता, हात लागून लागून गुळगुळीत झालेला. ती माझ्या वडिलांची, आप्पांची. निपाणीजवळच्या गावात आमची तंबाखूची शेती. माझ्या आज्जांनी ती एका गोऱ्या साहेबाकडून घेतली होती, साहेब देश सोडून निघाला तेव्हा. परवाना पीक राखण्यासाठी. पण घर पडलं जैनाचं. रानडुकरं उसात शिरली की आज्जा बांधावर जाऊन आभाळाकडे बार काढायचे. डुकरं कधी ऐकायची, कधी ऐकायची नाहीत. तिसरी पिढी आली तरी त्या बंदुकीनं आजवर एक चिमणीसुद्धा मारलेली नाही. आप्पांनी त्यावर आपला आणखी एक नियम चढवला: चातुर्मासात तिला हात लावायचा नाही. आषाढात तेल पाजून, धोतराच्या कापडात गुंडाळून ती कपाटात जायची आणि कार्तिक सरल्यावर बाहेर यायची.

मला त्यांनी चौदाव्या वर्षी शिकवलं, तंबाखूच्या वखारीमागं, छऱ्याच्या बंदुकीवर. मी हौसेनं कुंपणाच्या खांबावर लिंबू ठेवलं, तर रागावले. फळात जीव असतो. मग नारळ? त्यातही असतो. मग गाडगं? गाडगं चालेल, पण आत मुंग्या नाहीत ना बघून घे. बघितलं तर होत्या. शेवटी वहीच्या पानावर कोळशानं गोल काढून भिंतीला लावला, आणि तेव्हापासून कागद हेच आमच्या घराण्याचं एकमेव सावज ठरलं. गावातल्या मैत्रिणी हसायच्या. वडील बंदुकीला घाबरतात का गं, असं विचारायच्या. मला राग यायचा.

रेंजवर तर आप्पांची वेगळीच तऱ्हा. कार्डांच्या मागं मातीचा उंच बांध आहे, गोळ्या त्यात रुततात. पहिला बार व्हायच्या आधी आप्पा मऊ केरसुणी घेऊन त्या बांधाकडे जाणार. पन्नास मीटर, म्हाताऱ्या पावलांनी. मग बांध झाडणार. जोरात नाही, अगदी तान्ह्या मुलाचं अंग पुसावं तसा. मुंग्या, सरडे, कुंभारीण माशीचं घर, जे असेल ते बाजूला. एखादी मुंग्यांची रांग असली तर ती जाईपर्यंत थांबणार. इकडं बाकीचे सगळे बंदुका खाली ठेवून चहा पीत बसलेले. बसाण्णा घड्याळाकडे बघून म्हणायचे की पाकिस्तानची लढाईसुद्धा एवढ्या उशिरानं सुरू झाली नसेल. पण एकाही वर्षी कुणी आप्पांना थांबवलं नाही. पुढं पुढं तर वकीलकाका वेळच साडेसातची सांगायचे आणि स्वतः आठला यायचे.

मी एकदा आप्पांना टोमणा मारला होता. म्हटलं, मुंग्या झाडून वाचवायच्या आणि पिकवायचा तंबाखू, ह्याचा हिशेब कसा लागतो? आप्पांनी केरसुणीत अडकलेली काडी काढून टाकली. मग म्हणाले, तो लागत नाही, म्हणून तर झाडतो. त्यानंतर मी तो विषय काढला नाही.

आई गेल्यानंतर आप्पा बसकेच झाले. शेत वाट्यानं दिलं होतं, दुपारभर व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहायचे. फोनवर मी विचारायचे, काय चाललंय, तर म्हणायचे, चाललंय. एवढंच. पण कार्तिक सरला की आवाज बदलायचा. कपाट उघडलं, कापड सोडलं, नळी पुसली, चाप जरा जड वाटतोय, वकिलाला फोन केला का. माघ आला की रोज सकाळी अंगणात सतरंजी टाकून नुसतंच पालथं पडून रायफल धरायचे, गोळी न घालता. शेजारी म्हणायचे, आप्पा सूर्याला पालथा नमस्कार घालतात. मला त्या बंदुकीचं कौतुक होतं ते एवढ्यासाठी. वर्षातून चार महिने तरी ती माझ्या बापाला खुर्चीतून उठवत होती.

ज्या फाल्गुनाबद्दल मी हे लिहायला बसले आहे, त्या वर्षी आप्पा एकोणऐंशीचे होते. माघातल्या एका सकाळी ते बस्तीत, म्हणजे गावातल्या जैन मंदिरात गेले आणि नियम घेऊन आले. मग मला फोन केला. कार्डाच्या मधल्या काळ्या गोलाला आम्ही नुसतं 'काळं' म्हणतो. यंदा पाचही गोळ्या काळ्यात बसल्या नाहीत, तर त्याच दिवशी बंदूक सोडायची. हात थरथरणाऱ्या माणसानं हत्यार बाळगू नये. मी म्हटलं, असले नियम कशाला घेता, आणि घ्यायचाच तर तीन गोळ्यांचा तरी घ्यायचा. ते म्हणाले, घेतला तो घेतला. आमच्याकडे उपवास मोडेल, शब्द मोडेल, पण देवापुढं घेतलेला नियम मोडत नाही, हे मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

सोडायची म्हणजे ठाण्यात जमा करायची, हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. पुण्याच्या माझ्या भावानं आधीच सांगून टाकलं होतं की फ्लॅटमध्ये बंदूक कुठं ठेवू, आणि सोसायटीला काय सांगू. परवाना वारसाच्या नावावर होतो, हे वकीलकाकांनी आप्पांना माझ्यासमोर समजावून सांगितलेलं. वारस म्हटल्यावर आप्पांच्या डोळ्यांसमोर फक्त पुणं आलं. पंचवीस वर्षं त्यांच्या शेजारी पडून गोळ्या झाडणारी मी तिथंच बसले होते, आणि मला कुणी विचारलं नाही. मी मागितलंही नाही. मला माझा मान होता, आणि तो जरा जास्तच होता हे आज कबूल करते.

त्या रविवारी सकाळी हवा छान होती. रस्त्यानं येताना शेताशेतात पळस पेटलेले दिसत होते. मी घरून कांदा न घालता उप्पीट करून आणलं होतं आणि आप्पांसाठी गाळलेल्या पाण्याची कळशी. दोनच चौकटी लावल्या होत्या, डावी आणि उजवी, दोघादोघांनी पडायचं. पहिली पाळी आप्पांची आणि माझी. आप्पांना डाव्या कानानं ऐकू येत नाही, म्हणून ते डावीकडे पडायचे आणि मी त्यांच्या उजव्या कानाशी. मी मंडळाची जुनी टू-टू घ्यायचे, त्यामुळे दोघांच्या गोळ्या सारख्याच. वकीलकाकांनी कार्डांवर खाली बारीक पेन्सिलीनं नावं लिहिली, डाव्या चौकटीला 'आप्पा' आणि उजवीला माझं, 'सुनंदा', आणि ती टाचून टाकली.

मग आप्पा केरसुणी घेऊन गेले, आणि बराच वेळ झाला तरी परत येईनात. शेवटी त्यांनी हात वर केला. आम्ही सगळे गेलो. डाव्या चौकटीच्या बरोबर मागं, बांधात कमरेएवढ्या उंचीवर, एक भोक होतं, तोंडाशी ताजी माती सांडलेली. वर तारेवर वेड्या राघूंची जोडी बसली होती. हिरवीगार अंगं, शेपटीतून निघालेली एक बारीक काडी. एकाच्या चोचीत मधमाशी होती आणि आम्ही तिथून हलावं म्हणून तो वाट बघत होता. रामाण्णा हळूच म्हणाले, घर बांधायला घेतलंय. बसाण्णा यावर काही विनोद करतील असं मला वाटलं, पण ते चौकटीकडे गेले आणि आप्पांना विचारू लागले, कुठं लावू. आप्पांनी लांब उजवीकडे, माझ्या चौकटीच्याही पलीकडे, बोट दाखवलं. बसाण्णांनी डावी चौकट उपसली, उचलली आणि तिथं नेऊन ठोकली. मग तिथला बांधही झाडून झाला, आणि आम्ही परत आलो.

सतरंज्या चौकटींसमोर सरकवून आम्ही पडलो, आप्पा डावीकडे आणि मी उजवीकडे. खाणीत शांतता झाली. उजव्या कानाशी तोंड नेऊन मी आप्पांना हळूच म्हटलं, सावकाश मारा, घाई नाही. त्यांनी मान हलवली. त्यांची पहिली गोळी सुटली, मग माझी. दोन, तीन. माझ्या चौथ्या गोळीच्या वेळी त्यांना खोकला आला, माझं बोट जरा हललं, आणि गोळी काळ्याच्या अगदी उजव्या कडेला जाऊन बसली. कार्ड हातात यायच्या आधीच असं नेमबाजाला कळतं; गोळी सुटतानाच कळतं. पाचवी नीट गेली. आप्पांनी शेवटची मारली, रायफल रिकामी करून खाली ठेवली आणि कपाळ दस्त्याला टेकवून तसेच पडून राहिले.

वकीलकाका कार्डं घेऊन आले. चष्मा लावला. आप्पा, पाच, पाचही काळ्यात. सुनंदा, तीन, दोन कार्डाबाहेर. मग काय विचारता. रामाण्णांनी आप्पांना मिठीच मारली, बसाण्णांनी दोन्ही हात धरून हलवले. आप्पा नुसते सगळ्यांकडे बघत होते. मला मात्र आधी राग आला. कार्डाबाहेर गोळी? माझी? मी आप्पांचं कार्ड हातात घेतलं. चार भोकं मधोमध, आणि एक काळ्याच्या अगदी उजव्या कडेला. मी वर बघितलं. चौकटींकडे बघितलं. माझ्या नावाची आता डावीकडे होती, आप्पांच्या समोर. आप्पांच्या नावाची उजवीकडे, माझ्या समोर. दोघांनीही सरळ समोर मारलं होतं.

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही अशी सगळ्या नातेवाइकांत ख्याती आहे. त्या दिवशी तो भिजला. बोलले असते तर आप्पांची बंदूक त्याच दुपारी ठाण्यात गेली असती आणि आप्पा खुर्चीत. मी ते दुसरं कार्ड घडी करून पर्समध्ये टाकलं आणि उप्पीट वाढायला घेतलं. जेवताना आप्पा भलतेच खुलले. दोनदा उप्पीट मागून घेतलं. रामाण्णांच्या धुराची थट्टा केली. आणि सगळ्यांसमोर मला म्हणाले की आक्का, डोळं तपासून घे एकदा. मी बरं म्हटलं. घरी पोचल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर व्हरांड्यातल्या दाराशेजारच्या खिळ्यावरचं जुनं कॅलेंडर काढलं आणि तिथं कार्ड लावलं. माझ्या बापाचा चेहरा एवढा तुकतुकीत मी आई गेल्यानंतर पहिल्यांदा बघत होते, आणि मला खरंच फार बरं वाटलं.

ते बरं वाटणं वैशाख उजाडेपर्यंत टिकलं. मग एका रविवारी गावाला गेले असताना कार्डाकडे लक्ष गेलं. मी खोटं बोलले नव्हते, पण माझ्यामुळे आप्पांचा नियम मोडला होता. त्यांच्या नकळत मोडला होता. जो माणूस मुंगीसाठी दहा जणांना ताटकळत ठेवतो, त्याला मी त्याच्याच शब्दात खोटं पाडलं होतं, आणि वर त्याच्या घरी बसून चहा पीत होते. सांगायचं ठरवायचे आणि घरी गेले की त्यांचा तो चेहरा बघून परत यायचे. आषाढ आला, बंदूक कापडात गेली. पाऊस लागला, शेतात तंबाखूची रोपं उभी राहिली. पर्समधलं कार्ड घडीवर झिजत चाललं.

आमच्याकडे भाद्रपदात पर्युषणाचे दहा दिवस संपले की क्षमावाणी असते. त्या दिवशी लहानांनी मोठ्यांची आणि मोठ्यांनी लहानांची क्षमा मागायची. वर्षभरात जाणता-अजाणता जे काही घडलं असेल त्याची. बहुतेक वेळा हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं, समोरच्यानंही म्हणायचं, आणि पुढच्या घरी जायचं. मी सकाळच्या बसनं गेले. निपाणीला उतरले तेव्हा भुरभुर चालू होती. आप्पा उपवासानं वाळलेले, पण अंघोळ करून पांढरं धोतर नेसून व्हरांड्यात बसले होते. मी त्यांच्या पायाशी बसले आणि हात जोडले.

"आप्पा, ती भिंतीवरची पाच भोकं माझी हायेत," मी म्हटलं. "चौकट हलवली तवा कार्डं बदलली. मला तितंच कळलंतं, आणि मी गप बसले. तुमचा नियम माझ्यामुळं मोडला."

त्यांनी भिंतीवरच्या कार्डाकडे मान वळवली. मग विचारलं, "आणि माझ्या गोळ्या?"

"माझ्या नावाच्या कार्डावर. तीन लागल्या. दोन बाहेर."

"तीन?" ते म्हणाले. "तीन लागल्या?"

मला वाटलं, त्यांच्या मनाला लागलं. पण त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी भलतंच होत होतं.

"मला कार्ड दिसतच न्हवतं गं, आक्का," ते म्हणाले. "समोर पांढरं कायतरी हुतं. तिकडं मारल्या."

मग सगळं बाहेर आलं. संक्रांतीपासूनच उजव्या डोळ्यापुढं पडदा धरला होता. नियम घेतला तो हाताच्या थरथरीसाठी नव्हेच, डोळ्यासाठी. पण तसं सांगायची लाज वाटली. पाच काळ्यात असं वकील म्हणाले तेव्हा त्यांना वाटलं की आपली थट्टा चाललीय. मग मिठ्या मारल्या गेल्या आणि बोलायची वेळ निघून गेली. सहा महिने ते रोज त्या कार्डासमोरून जात होते आणि न दिसता पाच कशा बसल्या, याचं कोडं काही सुटत नव्हतं. देव कुणाची गोळी काळ्यात नेऊन बसवत नाही, एवढं जैन माणसाला पक्कं माहीत असतं. आजच्या दिवशी तेच माझी क्षमा मागणार होते. फुकटची वाहवा घेतली म्हणून, आणि चार लोकांत मला डोळे तपासायला सांगितलं म्हणून.

मी काय क्षमा करते. मी त्यांना असं झापलं की पलीकडच्या घरातलं बोलणं थांबलं. दिसत नसताना बंदूक धरता, वर पोरीला डोळे तपासायला सांगता, आठ महिने डॉक्टरकडे जात नाही, काय म्हणावं तुम्हाला. ते म्हणाले, बांध दिसत होता की, वीस फूट उंच. मी आणखी चिडले. मग बघता बघता मला हसू आलं, आणि त्यांनाही आलं, आणि आम्ही दोघं हसत बसलो, उपवास संपल्याच्या दुसऱ्या दिवशी, ओल्या व्हरांड्यात. डोळ्याच्या ऑपरेशनचं तिथल्या तिथं ठरलं.

हसू ओसरल्यावर आप्पा म्हणाले की नियम तो नियम, बंदूक सुटली. चातुर्मास संपला की वकिलाकडे जा आणि तुझ्या नावानं अर्ज घाल. मी म्हटलं, आधी पुण्याला विचारा. जुना राग होता, तो बोलला.

"पाच काळ्यात तुझ्या बसल्या," आप्पा म्हणाले. "पुण्याच्या न्हवं."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही. पंचवीस वर्षं जे ऐकायची वाट बघत होते आणि वाट बघतोय हे स्वतःलाही सांगत नव्हते, ते इतक्या साध्या आवाजात आलं की नाक पुसायला पदरसुद्धा वेळेवर सापडला नाही.

आप्पांनी भिंतीवरचं कार्ड काढायला सांगितलं, आणि दुसरं आहे का विचारलं. मी पर्समधून काढून दिलं. ते व्हरांड्याच्या कडेला उजेडात जाऊन बसले, घडी मांडीवर सपाट केली आणि बोटाच्या टोकानं चाचपत एकेक भोक शोधलं. एक. दोन. तीन. तिसरं सापडल्यावर बोट तिथंच ठेवून थोडा वेळ बसले. मग माझ्याकडून पेन्सिल घेतली. पाच भोकांच्या कार्डावरचं 'आप्पा' खोडून मोठ्या वाकड्या अक्षरांत 'सुनंदा' लिहिलं आणि ते माझ्या हातात दिलं. झिजलेल्या कार्डावरचं 'सुनंदा' खोडून 'आप्पा' लिहिलं आणि खिळ्याकडे बोट केलं. मी ते लावलं.

तेवढ्यात शेजारचे तात्या क्षमा मागायला पायरीशी येऊन उभे राहिले. त्यांनी हात जोडायच्या आधीच आप्पांनी त्यांना भिंत दाखवली.

"तीन लागल्या," ते म्हणाले, "आणि दोन चुकल्या."